माशांच्या मागे ठेवलेली ज्वारी

मी कोलकात्याला ज्वारी आणायला गेले होते. गाडीत समोरच्या बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली पुरी डब्यात परत ठेवली. "ज्वारी? आणि तिकडून?" त्यांचं बरोबर होतं. तिकडे ज्वारी कोणी पेरत नाही, कोणी खात नाही. आणि मी राहते बार्शीला.

पण आमच्याकडची बगळी संपली आहे. बगळी ही रब्बीची जुनी ज्वारी. दाणा भरला की ताटाची मान वळते आणि कणीस खाली बघत राहतं, बगळ्यासारखं. असं म्हणतात. मी ती उभी कधी पाहिलेली नव्हती. आमच्या बियाणं गटाने दोन वर्षं गावोगाव विचारलं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी तिची चव सांगितली, दाणा कोणी दिला नाही. शेवटी वर्तमानपत्रात आवाहन दिलं. उत्तर एकच आलं, कोलकात्याहून, निळ्या आंतरदेशीय पत्रावर: "माझ्याकडे बगळी आहे. माझ्या भावाच्या शेतातली, अकरा वर्षांपूर्वीची. डबाभर आहे. कुरिअरने पाठवणार नाही. येऊन न्या." खाली सही होती, निर्मला, आणि बालीगंजचा पत्ता.

गटात आम्ही सात जण होतो. वाद होत होत तीन उरलो. दोघांना शेत आहे, म्हणून जायला मीच मोकळी होते.

माझ्याबद्दल एवढं सांगायला हवं की मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबांचा छोटा छापखाना होता. कामगारांच्या सभा, पाणी परिषदा, बुवाबाजीविरुद्धची व्याख्यानं, सगळ्यांची पत्रकं तिथे छापली जात, आणि वाया गेलेल्या प्रतींच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे मला कोणतीही गोष्ट उद्गारचिन्हाशिवाय म्हणता येत नाही. बाबा गेले, छापखाना बंद झाला, ही सवय मात्र राहिली. गेल्या वर्षी मी गटासाठी पत्रक लिहिलं, "बियाणं कोंडू नका!" बियाण्याची जागा शेतकऱ्याच्या घरात आहे, कणगीत, राखेत, कडुनिंबाच्या पाल्यात, शीतगृहातलं बियाणं हा कैदी आहे, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. हे मी उगीच लिहिलं नव्हतं. बियाणं साठवणाऱ्या एका मोठ्या शीतगृहाला आम्ही बगळीसाठी तीन पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नाही.

म्हणून निर्मलाकाकूंचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, हा तर चालताबोलता पुरावा. शीतगृह नाही, कुलूप नाही, एका बाईने स्वयंपाकघरात जपलेलं बियाणं. मी पिशवीत पत्रकाच्या शंभर प्रती भरल्या आणि निघाले.

बालीगंज

पोचले तो दिवस सर्वपित्री अमावास्येचा. तिकडे तिला महालया म्हणतात. पितरांना निरोप आणि देवीला आमंत्रण, दोन्ही एकाच दिवशी उरकतात. हावड्यापासून बालीगंजपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बांबूचे उंच सांगाडे उभे होते आणि त्यांवर माणसं कापड ताणत होती. सगळं शहर कुणाच्या तरी येण्याची तयारी करत होतं. टॅक्सीवाला मला बंगालीत बरंच काही समजावत होता. मी मान हलवत होते.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या, बारीक चणीच्या बाईंनी.

"आलीस? चपला आत घे. बाहेर ठेवल्यास तर परवापर्यंत बुरशी येईल."

निर्मलाकाकूंचे यजमान बँकेत होते. बदली होऊन इथे आले, बढती नाकारून इथेच राहिले आणि निवृत्तीनंतर चार वर्षांपूर्वी इथेच गेले. मुलगा बंगळूरला. नातू फोनवर "आजी, लव्ह यू" एवढं म्हणतो आणि पुढचं हिंदीत.

"आधी चहा घे आणि मग तासभर काही बोलू नकोस," काकू म्हणाल्या. "मला बोलू दे. या घरात माझं मराठी ऐकणारी आता तुळस आणि कुकर. त्यातला कुकर निदान उत्तर तरी देतो."

त्या खरंच तासभर बोलल्या. मी ऐकत ऐकत घर पाहत होते. लाल कोब्याची गुळगुळीत जमीन, जाळीचं लाकडी मांजरकपाट, आणि सगळीकडे दमटपणा. भिंतीला हात लावला तर बोटं ओली. काडेपेटी शेगडीशेजारी ठेवलेली, नाहीतर पेटत नाही. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकलेले, मीठ मोकळं राहावं म्हणून. बार्शीला मीठ कसं मोकळं ठेवायचं हा प्रश्नच कोणाला पडत नाही.

मग काकूंनी डबा काढला. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, कडेने जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेला. वर कडुनिंबाचा वाळका पाला, त्यात चार बिबे. खाली बगळी. मी कोपरापर्यंत हात घातला. किडा नाही, जाळी नाही, पीठ नाही. पांढराशुभ्र, टपोरा दाणा, टोकाला बारीक काळा ठिपका.

"दादाने पाठवलेली शेवटची," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी तो गेला. मुलांनी ऊस लावला. दर वर्षी घटाला यातली एक मूठ काढते आणि पुन्हा झाकण लावते. दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही हिला."

मी आमच्या गटातल्या संजयला तिथूनच लिहिलं: सापडली. उद्गारचिन्ह घातलं.

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेली गंगेची काळी माती काकूंनी पत्रावळीवर पसरली. स्वयंपाकघरातून वाटीत धान्य आणलं, मातीवर टाकलं, वरून लगेच मातीचा थर दिला, मधे मडकं ठेवलं. मी दारात उभी होते.

"नमस्कार कर."

"काकू, मी करत नाही. बाबांनी कधी..."

"बरं, नको करूस. पाणी तर घालशील रोज? माझ्या गुडघ्यांना वाकवत नाही. की पाणी घालायलाही तुमच्या पक्षाची परवानगी लागते?"

"माझा पक्ष नाही."

"मग घाल."

पाणी घालणं माझ्याकडे आलं.

पूर्वी घटाच्या दिवसांत गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समधून चार मराठी बायका आरतीला यायच्या, काकूंनी सांगितलं. एकेकीच्या नवऱ्याची बदली झाली. आता आरती काकू एकट्याच म्हणतात, टाळ्याही स्वतःच वाजवतात. मी आरती म्हटली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टाळ्या वाजवल्या. माझ्याच्याने बघवलं नाही.

दिवसभर मी शहरात फिरत असे. मोहरीच्या तेलाचा, धुपाचा आणि ओल्या कापडाचा वास सगळीकडे. कागदाच्या पुडीतली झालमुडी खात मी अर्धवट उभ्या मांडवांत शिरत होते. ती म्हणजे आपली भेळच, पण चिंचेऐवजी मोहरीचं कच्चं तेल, नाकात झिणझिण्या आणणारं. घराघरांतली माणसं नव्या कपड्यांत, एकमेकांचे हात धरून चाललेली. मला कोणी धक्काही मारत नव्हतं. आमच्याकडे जत्रेत धक्के खात, भांडत माणूस कोणाशी तरी बोलतो. इथे लोक फार सभ्यपणे मला वळसा घालून जात होते. मी पत्रकं वाटावीत म्हणून पिशवीत हात घातला तेव्हा लक्षात आलं की ती कोणाला वाचता येणार नाहीत. आणि तशीही ती दमट हवेने मऊ पडून एकमेकांना चिकटली होती. शंभर पत्रकांचा एकच लगदा. संध्याकाळी बाल्कनीत बसून मी ती एकेक सोडवली आणि काकूंच्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातली. खालून जाणाऱ्या लोकांनी ती तोरणं समजून वर पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मातीतून हिरवं वर आलं. पाचव्या दिवशी बोटभर उंच, दाट, सरळ. मला हसू आवरेना. मी वाकून दहा फोटो काढले, संजयला पाठवले आणि खाली लिहिलं: "अकरा वर्षांनी रुजली! विना शीतगृह, विना कुलूप!" पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मला मिळालं होतं.

तासाभरात संजयचा फोन आला. माझे हात मातीचे होते, म्हणून स्पीकरवर घेतला.

"फोटो बघितला. झकास. ऐक, तिघं तयार आहेत, अर्धा-अर्धा एकर. हस्ताचा पाऊस बरा झालाय, वाफसा आलाय, पण त्यांनी दुसरं काही पेरलं नाही. बगळीसाठी रान मोकळं ठेवलंय. तू आलीस की दुसऱ्या दिवशी पेरणी."

फोन संपला. काकू दारात उभ्या होत्या, हातात निरांजन. ते त्यांनी खाली ठेवलं.

"मुक्ते, तिघांचं रान मोकळं आहे?"

"हो! दीड एकर."

काकू गुडघ्यावर हात टेकत, भिंतीला धरत घटापाशी खाली बसल्या. आणि त्यांनी जे केलं ते माझ्यासारख्या नमस्कार न करणारीलाही धक्का देणारं होतं. बसलेल्या घटाला नऊ दिवस हलवत नाहीत. काकूंनी त्यातलं एक रोप दोन बोटांत धरून मुळासकट उपटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"बगळी."

"नीट बघ."

मुळाशी अजून दाणा चिकटलेला होता. लांबट, तांबूस, पोटावर चीर.

"गहू आहे गं तो," काकू म्हणाल्या. "सगळं गहू आहे."

मग त्यांनी माती उकरून बोटाने दुसरा दाणा काढला. गोल, फुगलेला, मऊ. चिमटीत धरल्यावर त्यातून पांढरा लगदा बाहेर आला. कोंब नव्हताच. ती बगळी होती.

काकू सांगत गेल्या, माझ्याकडे न बघता. पहिली दोन-तीन वर्षं घट दाट आला. मग विरळ होत गेला. ज्या वर्षी काका पहिल्यांदा आजारी पडले, त्या वर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी त्यांना भीती वाटली. घट आलाच नाही तर? म्हणून मूठभर गहू मिसळले. घट हिरवागार आला. काका बरे होऊन घरी आले. त्यानंतर गहू मिसळायचं बंद करायचा धीर झाला नाही. दर वर्षी गहू थोडे वाढत गेले. काका गेल्यावरही.

"काकांना माहीत होतं?"

"त्यांनी दसऱ्याला घटातला तुरा टोपीत खोचला होता. त्यांना कशाला सांगू?" थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, आतले थोडे तरी जिवंत असतील. तू येशील, घेऊन जाशील, तुमच्या मातीत येतीलच. पण लोकांनी रान मोकळं ठेवलंय म्हणालीस तेव्हा... मी मारली का गं ती?"

 मला काकूंचा राग आला नव्हता. मला हे कळत नव्हतं की बियाण्यांवर पत्रकं लिहिणाऱ्या मला पाच दिवस रोज पाणी घालूनही गव्हाचं रोप आणि ज्वारीचं रोप वेगळं ओळखता कसं आलं नाही. ज्वारीचं पान रुंद असतं, बुडाशी तांबूस असतं. हे मी नंतर शिकले. शेतकऱ्याच्या कोणत्याही लहान पोरीने ते हसत हसत सांगितलं असतं.

"एक बाटली आहे," काकू उकरलेली माती सारखी करत म्हणाल्या. "असावी. ज्या वर्षी दादाने पाठवली त्याच वर्षी ह्यांनी दासबाबूंना दिली होती. बागबाजारला."

बागबाजार

दासबाबू हे काकांचे बुद्धिबळातले मित्र. सरकारी बियाणं-तपासणी प्रयोगशाळेत आयुष्य काढून निवृत्त झालेले, विधुर, एकटे. काका गेल्यापासून काकू त्यांच्याकडे गेल्या नव्हत्या. षष्ठीच्या दिवशी सकाळी आम्ही मेट्रोने आणि मग रिक्षाने निघालो. बागबाजार म्हणजे जुनं उत्तर कोलकाता, अरुंद गल्ल्या, हिरव्या लाकडी झिलमिलींच्या खिडक्या. मराठे येतील या भीतीने शहराभोवती खणलेला खंदक इथूनच सुरू होत होता. तो केव्हाच बुजला. भीती मात्र बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, आले असं सांगणाऱ्या अंगाईगीतांत उरली आहे, हे मला दासबाबूंच्या पहिल्याच वाक्यातून कळलं.

"बौदि! इतने साल बाद!" त्यांनी काकूंना वहिनी म्हणून हात जोडले आणि माझ्याकडे वळले. "और ये? महाराष्ट्र से? अरे बाबा, बर्गी फिर आ गया! पिछला बार भी अनाज लेने आया था, इस बार भी?"

"इस बार माँगने आए हैं," मी म्हटलं.

"तब तो और खतरनाक है."

काकूंनी मोडक्या बंगालीत त्यांना सगळं सांगितलं, गव्हासकट. दासबाबू हसले नाहीत. उठून त्यांनी फ्रीज उघडला. इलिश माशाच्या तुकड्यांचे डबे, मोहरीच्या वाटणाची वाटी, हे सगळं बाजूला सारून अगदी मागून त्यांनी एक जाड काचेची बाटली काढली. झाकणाभोवती मेण. आत तळाला कापडाची पुरचुंडी, तिच्यातून ओल शोषणारे निळे खडे दिसत होते. आणि वर पांढरी, टपोरी, काळ्या ठिपक्याची बगळी. पाव किलोही नसेल. अकरा वर्षं माशांच्या मागे.

मी बाटली घेऊन झाकणाला हात घातला. दासबाबूंनी माझं मनगट धरलं.

"ना ना ना! एखोन ना!" त्यांनी बाटली टेबलावर ठेवली, अगदी मधोमध. "बैठो, मा. देखो."

आम्ही बसलो. पाहता पाहता बाटलीला बाहेरून घाम फुटला. थेंब जमले, ओघळले, खाली पाण्याचं कडं उमटलं.

"ये पानी कहाँ से आया? बोतल से? नहीं. हवा से. अभी खोलते तो यही पानी दाने पर बैठता. ग्यारह साल बचाया, एक मिनट में खतम."

मग बाटली खोलीइतकी कोमट होईपर्यंत आम्ही तिघं तिच्याभोवती बसून राहिलो. दोन तास तरी गेले असतील. बाहेर ढाक नावाच्या मोठ्या ढोलांचे आवाज चालू होते. दासबाबूंनी चहा केला, काकूंसाठी बिनकांद्याची घुगनी, म्हणजे वाटाण्याची उसळ, मागवली. त्या दोन तासांत त्यांनी मला जे सांगितलं ते मी इथे माझ्या भाषेत लिहिते, कारण आमच्या तालुक्यातही ते कोणाला तरी हवं असेल.

दाणा वाळलेला दिसतो, पण तो जिवंत असतो आणि हळूहळू श्वास घेत असतो. जितकी ऊब आणि जितका ओलावा, तितका त्याचा श्वास जोरात आणि तितकं त्याचं आयुष्य भराभर संपतं. ढोबळ हिशोब असा, की दाण्यातला ओलावा शंभरातला एक भाग जरी कमी केला तरी त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. आणि जागा पाच अंशांनी थंड केली तरी पुन्हा दुप्पट. मात्र आधी वाळवणं, मग बंद करणं, मग थंडावा. ओला दाणा हवाबंद केला तर तो आतल्या आत सडतो. वाळलेला दाणा दमट हवेत उघडा ठेवला तर तो मिठासारखा पाणी ओढून घेतो.

"बौदि, नमक में चावल डालती हो ना?" त्यांनी विचारलं. "क्यों? चावल नमक का पानी पीता है. आपका ज्वार किसका पानी पिया? कोलकाता का. हर साल आश्विन महीने में ढक्कन खोला, एक मुट्ठी निकाला, और एक डिब्बा कोलकाता अंदर भर दिया."

"पण किडा नाही लागला," काकू म्हणाल्या.

"नीम, बिबा कीड़े को रोकता है. हवा को नहीं."

मी पिशवीतून एक पत्रक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. लपवून काय करणार? त्यांना देवनागरी वाचता येत होती. ओठ हलवत त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"कैदखाना," ते म्हणाले. "अच्छा. तो मैं इतने साल जेलर था."

"आमच्या पत्रांना उत्तर दिलं नाही त्यांनी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "आमचंच बियाणं. आम्हालाच नाही."

"वो गलत है," दासबाबू शांतपणे म्हणाले. "उसके लिए लड़ो. लेकिन ठंड से क्यों लड़ती हो? ठंड ने क्या बिगाड़ा?"

 उत्तर मला घरी येताना मेट्रोत सुचलं, आणि ते असं, की कुलूप आणि थंडावा या दोन वेगळ्या गोष्टी मी एकाच वाक्यात कोंबल्या होत्या, कारण वाक्य दणदणीत होत होतं. कणगी खोटी नाही. बार्शीची हवा कोरडी, आणि आमचे लोक आदल्या वर्षीचं बी पुढच्या वर्षी पेरतात. कणगीला एक वर्षच सांभाळायचं असतं. तीच कणगीची पद्धत काकूंनी कोलकात्यात अकरा वर्षं सांभाळली, आणि पेरायला त्यांच्याकडे पत्रावळीएवढंच शेत होतं.

बाटली कोमट झाली. मेण काढलं. दासबाबूंनी पन्नास दाणे मोजून ओल्या टीपकागदावर ओळीने मांडले, गुंडाळी केली, तारीख लिहिली. "दशमी को आना."

त्यांच्या जिन्यात उभी राहून मी संजयला फोन केला.

"मी चुकीचं लिहिलं. घटात गहू होते. डब्यातली बगळी मेलेली आहे. तिघांना सांग, हाती असेल ते पेरा, थांबू नका."

संजयने मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग, "गहू आणि ज्वारी ओळखता येत नाही तुला? आणि पत्रकं लिहितेस?"

"हो."

"बरं झालं आज सांगितलंस," तो म्हणाला आणि फोन ठेवला. उद्गारचिन्हाला जागाच नव्हती.

पुन्हा बालीगंज

अष्टमीला सगळं बालीगंज रस्त्यावर होतं आणि आम्ही दोघी घरात. काकूंनी डबा ओट्यावर घेतला.

"याचं आता काय करायचं?"

"मला माहीत नाही."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "उगवत नाही म्हणून ती माती झाली नाही. ज्वारी आहे ती." काकूंचा उपवास उठता-बसता, पहिल्या आणि शेवटच्या दिवसाचा, त्यामुळे आज खायला हरकत नव्हती. त्यांनी बिबे बाजूला काढून टाकले, खालची चार वाट्या ज्वारी निवडली, धुतली, तव्यावर कोरडी केली आणि मिक्सरमध्ये दळली. पिठाला चिकटपणा नव्हता. भाकरी थापताना कडा फाटत होत्या. काकू ओल्या बोटाने त्या पुन्हा पुन्हा जोडत होत्या. चव जुनाट होती, थोडी कडसर. आम्ही ती पिठल्याशी खाल्ली. दोघींनी मिळून चार भाकऱ्या, शेवटचा तुकडाही न टाकता.

"दादाच्या हाताची होती," एवढंच काकू म्हणाल्या.

दशमीला आम्ही पुन्हा बागबाजारला गेलो. रस्त्यात ट्रकवरून देवी नदीकडे निघाल्या होत्या, बायका एकमेकींच्या गालांना शेंदूर लावत होत्या. एकीने काकूंनाही लावायला हात पुढे केला, मग त्यांचं कपाळ पाहून तो मागे घेतला. काकूंनी मान वळवून रिक्षावाल्याला चल म्हटलं.

दासबाबूंनी टीपकागद उलगडला. मी मोजायला वाकले, पण काकूंनी मला मागे सारलं. त्यांनी बोटाने एकेका कोंबाला स्पर्श न करता, वरूनच, मोठ्याने मोजलं. मराठीत.  अडतीसला त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अडतीस.

"पास," दासबाबू म्हणाले.

बाटलीत उरलेल्या दाण्यांचे त्यांनी दोन भाग केले. एक माझ्यासाठी, नव्या छोट्या बाटलीत, नवे निळे खडे घालून. खडे गुलाबी झाले की ओलावा शिरला असं समजायचं. दुसरा भाग त्यांनी माझ्यासमोर धरला. "इसको भी ले जाओगी? या जेल में रहने दूँ?"

मी विचार केला. प्रवासात बाटली फुटू शकते. आमच्या गुंठ्यावर गारा पडू शकतात. "राहू दे," मी म्हटलं. "पण चिठ्ठी लावायची. मराठीत आणि बंगालीत."

मी लिहिलं: "बगळी ज्वारी. पेरणाऱ्याने मागितली तर द्यायची." दासबाबूंनी खाली बंगालीत तेच लिहिलं, वाचून दाखवलं आणि बाटलीला मेण लावून ती माशांच्या मागे सरकवली.

कोंब फुटलेले अडतीस काकूंनी ओल्या रुमालात घेतले. घट त्या दिवशी उठला होता. गव्हाचे तुरे काकूंनी देवापुढे ठेवले, एक काकांच्या फोटोला खोचला आणि रिकाम्या झालेल्या गंगेच्या मातीत, बाल्कनीतल्या कुंड्यांत, अडतीस कोंब लावले. गुडघ्यांचं काय, हे मी विचारलं नाही.

बार्शी

माझ्या वाटची बाटली मी गाडीत मांडीवर धरून आणली. आमच्या गटातल्या, शेत असलेल्या बाईंनी एक गुंठा राखून ठेवला होता, तिथे उशिरा का होईना टोकण केली. मी आता रोज शेतात जाते. पान ओळखायला शिकले. नवं पत्रक लिहिलं आहे, त्यात वाळवण्याबद्दल पाच ओळी आहेत आणि शीतगृहाच्या दारावर जाऊन उत्तर मागण्याबद्दल दहा. ते कोणी छापेल की नाही माहीत नाही. पहिल्या सातांपैकी आता दोघंच बोलतात माझ्याशी.

परवा, जानेवारीतल्या एका दुपारी, मी रानात पाखरं हाकत होते. आमची कणसं अजून सरळ उभी होती. फोन वाजला.

"मुक्ते," काकू म्हणाल्या, "इथे एकूणएक पोपट जमलेत, मी पलंगपोस घातलाय सगळ्या कणसांवर. खालचा वॉचमन विचारतो, ये कौन सा फूल है. त्याला काय सांगू? शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, झाड वाकलंय, काठी लावा." त्यांचा श्वास लागला होता. "म्हणून तुला फोन केला. दुसऱ्या कोणाला सांगून काय कळणार? अगं, मान वळली."